शेवटच्या ओळीतला आश्रित

२९ एप्रिल १९९१, सोमवार

नोकरी मिळाली, तीही सावलीत बसून करायची. कोरियेन्तेस सोडल्यापासून संत्री तोडली, विटा वाहिल्या, एका सर्कशीत तंबूचे खुंट ठोकले. पण जुने कागद वाचायचे पैसे कोणी देईल असं वाटलं नव्हतं. दोन्या (म्हणजे बाईसाहेब) लेओकादिया इराल्दे म्हणून साठीच्या विधवाबाई आहेत. त्यांना घराण्याची वंशावळ करून हवीय. खानेसुमारीच्या पानांच्या प्रती त्यांनी पेटीभर जमवल्यात. येत्या पंधराला नवी जनगणना, तोवर काम संपायला हवं म्हणाल्या. मला सोयीचंच. अठराला रोसारिओत नोएमीचं लग्न आहे, आणि आईबाप नसलेल्या बहिणीकडून उभा राहायला मी एकटाच.

घरात मुलगा आन्सेल्मो, पन्नाशीचा, लालभडक केसांचा. आणि मुलगी फेर्मिना, काळीसावळी, तिखट जिभेची. माझे बूट बघून तिनं विचारलं, हे तुला घेऊन आले की तू ह्यांना? मी म्हटलं, एवेलिओ सोसा कुठेही पोचतो.

संध्याकाळी अंगणात माते, इथला कडू पाल्याचा गरम काढा. तो भरलेला सुका भोपळा हातोहात फिरत होता, एका नळीनं सगळे ओढत होते. परत देताना ‘ग्रासियास’, म्हणजे आभार, म्हटलं की माणूस फेरीतून सुटतो. मी सात वेळा घेतला आणि एकदाही म्हटलं नाही, इतका तो कडक होता. दोन्या खूश झाल्या.

२ मे

सकाळी नदीवर एक म्हातारा हातभर सुरुबी मासा ओढत होता, तो बघण्यात अकरा वाजले. मग पेटी उघडली.

१८६९ सालचं पान. घरात विधवा लेओकादिया, वय साठ. (आजीचं नाव, दोन्या म्हणाल्या. बरं.) खाली मुलं. शेवटच्या ओळीत सिरिलो दुआर्ते, वय बावीस, नातं: आश्रित. असे लोक तेव्हा घरोघर असायचे. सोयरा ना धायरा, भाकरीला आणि छपराला राहिलेला. माझ्यासारखाच म्हणायचा.

दोन्यांनी माझं ओळखपत्र ठेवून घेतलं. जनगणनेच्या दिवशी दाखवावं लागतं म्हणे. पंधराला मी इथे असेन असं कोणी सांगितलं त्यांना?

५ मे

१८९५. विधवा लेओकादिया, वय साठ. मुलगा सिरिलो इराल्दे, वय अठ्ठेचाळीस.

दुआर्ते कुठे गेला? वय बरोबर जुळतं. सव्वीस वर्षांत आश्रिताचा मुलगा झाला. शेवटच्या ओळीत नवा माणूस: बेनितो कोरिया, वय वीस, आश्रित.

ह्या यादीत बायकांसाठी एक जादा रकाना आहे, किती मुलांना जन्म दिला? लेओकादियापुढे लिहिलंय: शून्य. आणि खाली चार मुलं.

जेवताना विचारलं. दोन्यांनी माझ्या ताटात आणखी एक एम्पानाडा वाढला, खिम्याची करंजीच ती.

“जन्म काय, कोणीही देतं, पोरा,” त्या म्हणाल्या. “ठेवून घेणं जमायला लागतं.”

फेर्मिना हसली नाही. ती कशालाही हसते.

९ मे

पेटीच्या तळाशी गावातल्या अलीकडच्या याद्या. १९६०: आन्सेल्मो प्रादो, वय एकवीस, आश्रित. १९८०: फेर्मिना लुके, वय एकोणतीस, आश्रित.

आन्सेल्मोला गोठ्यात गाठून कागद दाखवला. त्यानं ‘प्रादो’वरून बोट फिरवलं आणि विचारलं, हा कोण? थट्टा करत नव्हता. त्याचं बोट मात्र तिथून हलेना. मग हळू आवाजात म्हणाला, “तू अजून ग्रासियास म्हटलं नाहीस. म्हण, आणि गणनेआधी नीघ. मी म्हणायचा राहिलो.”

११ मे

बहिणीला पत्र लिहायला घेतलं, येतो म्हणून. ‘प्रिय’ लिहिलं आणि थांबलो. नाव आठवेना. शेवटी ह्याच वहीचं पहिलं पान उघडलं. नोएमी. नोएमी. नोएमी. हातावर शाईनं लिहून ठेवलंय.

ओळखपत्र मागितलं. सापडत नाही म्हणाल्या, आणि माझे केस नीट केले. कितीतरी वर्षांत असं कोणी केलं नव्हतं. बरं वाटलं. हेच वाईट.

१३ मे

सकाळी मातेच्या फेरीत मोठ्यानं ग्रासियास म्हणालो. आई ऐकून हसली, पुन्हा भोपळा भरला, माझ्या हातात दिला. मी ओढला. पुढच्या फेरीतही म्हणालो. पुन्हा भरला.

वर ‘आई’ लिहिलंय. मी लिहिलं ते? दोन्या. दोन्या लेओकादिया.

आन्सेल्मो मान खाली घालून नळी पुसत होता.

१४ मे

पिशवी न घेता निघालो. वाटेत चौकात लोखंडी गोळ्यांचा डाव रंगला होता — थांबलो नाही. जन्मात पहिल्यांदा थांबलो नाही.

बसस्टँडवर तिकीटवाला म्हणाला, इराल्देंचा धाकटा ना तू? उद्या गणना, सगळ्यांनी घरी राहायचं, गाड्या बंद. आणि आजची शेवटची आत्ताच गेली. मी सांगितलं, मी सोसा आहे. तो हसून म्हणाला, जा बाळा, आई वाट बघत असेल.

शनिवारी ती एकटी उभी राहील. हातावरची शाई — घामानं — काहीतरी ‘मी’ एवढंच उरलंय.

१५ मे

रस्ते रिकामे. सगळं गाव घरात.

शाळेच्या बाई आल्यात, पांढऱ्या झग्यात, पेन्सिल घेऊन. अंगणात बसल्यात. काल रात्री ह्या घरात कोण कोण होतं, विचारतायत. आई एकेक सांगतेय. आन्सेल्मो, मुलगा. फेर्मिना, मुलगी.

शेवटची ओळ. आश्रित लिहिलं तरी चालेल. आश्रित निदान स्वतःच्या नावाचा असतो —

बाई माझ्याकडे बघतायत. नाव काय? आई म्हणाली, त्यालाच सांगू द्या.

तोंडातून येत नाहीये. इथेच लिहितो आणि त्यांना वही दाखवतो. शनिवारी कोणाचं तरी — कोणाचं — जायचंय मला. आधी नाव. माझं नाव एवेलिओ इरा