आमराईत जायचे टायर

बा, तुझ्या नातवानं लोडर घेतला. तू विचारशील, लोडर म्हणजे काय गं? एक बैलजोडी आणि पाच-सहा हमाल एका डब्यात घातले नि पुढं दोन हात लावले, तर जे होईल ते. छोटाच आहे, आपल्या गोठ्यात मावेल एवढा. पडलेली, तोडलेली झाडं उचलून बाहेर आणायची, हा त्याचा धंदा. मी इंदिरानगरला गॅलरीत तांदूळ निवडत बसते आणि खाली तो उभा असतो पिवळाधमक, की माझे खडे निवडायचे राहूनच जातात. सून म्हणते, "आई, तुमचीच दृष्ट लागंल त्याला." लागू दे की, मीच मीठ-मोहरी उतरवून टाकते.

पण मला सांगायचं होतं टायरचं. ओझरच्या बाजूला एक जुनी आमराई आहे, वादळात तिथली बरीच झाडं आडवी झाली. मालकीणबाईंनी आधी मोठं मशीन बोलावलं, तर त्यानं पडलेली काढता काढता दोन चांगली उभी झाडं मुळासकट हलवून ठेवली. बाईंनी त्याला हाकललं आणि तुझ्या नातवाला म्हणाल्या, "एक झाड बाहेर काढून दाखव. माझ्या उभ्या आंब्यांच्या मुळांना काही झालं नाही, तर बाकीचं सगळं काम तुझं." दुसरं काम होतं कुठं हातात? लोडर आणल्यापासून पोरगा नुसती वाळू नि विटा हलवत होता. हेही हुकलं तर मशीन विकून टाकायचं, असं नवरा-बायकोचं स्वयंपाकघरात कुजबुजत ठरलं होतं. आमची भिंत पातळ आहे, आणि माझे कान अजून शाबूत आहेत.

लोडरचे टायर झिजून गुळगुळीत झालेले. नवे घ्यायला तो द्वारकेकडच्या टायरच्या दुकानात निघाला तशी मीपण चपला घातल्या. "आई, टायर घ्यायचेत, साडी नाही." म्हटलं, "म्हणूनच येते. साडीतलं मला कुठं काय कळतं?"

दुकानदारानं मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि बोलत राहिला पोराशीच. पहिल्यांदा दाखवले भरीव. "आत हवाच नाही. काट्यावर घाला, खुंटावर घाला, पंक्चरचं नाव नको." पोराचा चेहरा असा उजळला! झाडाच्या कामात काटे नि खुंट यांचाच जाच असतो ना. मी अंगठा दाबून पाहिला, नुसता दगड. मग दाखवले खोल नक्षीचे, चिखल धरून ओढणारे. आणि कोपऱ्यात पडले होते रुंद, बसके, वरवरच्या नक्षीचे. मी बोट दाखवलं तर हसला. "ते हिरवळीवर चालवायचे हो मावशी. लाकडाच्या कामाला नाजूक पडतात."

त्या रुंद टायरांपुढं मला तू दिसलास, बा. मी लहान आहे, तू डेपोतून सागाचे ओंडके भरलेत आणि मी त्यांच्यावर चढून बसलेय. चाकांना नवी लोखंडी धाव आहे. आदल्या दिवशीच गोवऱ्यांच्या जाळात तू ती लालभडक केलीस, चाकावर ठोकून बसवलीस, आणि मी घागरीनं पाणी ओतलं. चर्र झालं आणि सगळी वाफ माझ्या तोंडावर. केवढी मिरवले मी! रस्ता वाहून गेला म्हणून तू गाडी भाताच्या खाचरातून घातलीस, आणि ती चकचकीत अरुंद धाव सुरीसारखी खाली गेली. तू चाबूक उचलला नाहीस. ऐनाच्या डहाळ्या तोडून चाकापुढं अंथरल्यास आणि लांबून वळसा घेऊन गाडी काढलीस. मी काहीतरी विचारायला गेले तर "गप बस, पडशील" एवढंच बोललास.

तर दुकानात मी मोठ्यानं म्हणाले, "आमचा बा म्हणायचा, पडलेलं झाड आणायला जाशील तर उभ्या झाडाला तुझं चाक कळता कामा नये."

दुकानदारानं कप खाली ठेवला. "वडील काय करायचे?"

"सुरगाण्याकडं जंगलातली लाकडं वाहायचे."

"मग बरोबर म्हणायचे," तो म्हणाला, आणि खुर्ची माझ्याकडं वळवून सांगायला लागला. रुंद टायरात हवा जरा कमी ठेवली की वजन पसरतं, जमीन दबत नाही. "पण पंक्चर होणार, आधीच सांगतो."

पोरगा म्हणाला, "आई, आमराईच्या कुंपणाला सगळ्या बाभळी आहेत."

"असू देत. पंक्चर निघतं. चिरलेलं मूळ कोण सांधणार?"

रुंदच घेतले. आता लोडरची एक खोड सांगते. त्याची चाकं गाडीसारखी वळत नाहीत, तो जागच्या जागी गर्रकन फिरतो. बघायला मजा येते, पण फिरताना खालची जमीन खरवडून काढतो. म्हणून आमराईत गेल्यावर पडलेल्या आंब्याच्याच डहाळ्या आम्ही वाटेवर अंथरल्या आणि मी पोराला बजावलं, लांबून वळसा घे. ओंडका डुलत डुलत बाहेर आला. कुंपणापाशी टायर बसला तो बसलाच. पोरानं माझ्याकडं बघितलं, मी बाभळीकडं बघितलं. मालकीणबाईंनी पायानं डहाळ्या बाजूला केल्या, उभ्या झाडांच्या बुडाशी वाकून वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे, नेलंस कुठून ते लाकूड?" झालं. सगळी आमराई आमची.

आता तो नव्या गिऱ्हाइकाला छाती फुगवून सांगतो, "आमचे आजोबा म्हणायचे, उभ्या झाडाला चाक कळता कामा नये." लोक माना डोलवतात. मी शेजारी उभी राहून तोंडाला पदर लावून हसते.

तू तिकडं वर डोकं खाजवत असशील, हे मी कधी बोललो? नाहीच बोललास, बा. तू गप बस म्हणालास. ते माझं होतं, तिथल्या तिथं सुचलेलं. पण नुसतं माझं म्हणून सांगितलं असतं तर त्या दुकानदारानं चहाचा कप खाली ठेवला नसता. पोराला मी हे सांगितलेलं नाही, सांगणारही नाही, तुझ्या नावावर छान चाललंय. हा कागद काही टपालात टाकायचा नाही. फक्त तुला ठाऊक असावं, म्हणून लिहिलं.