उत्तम नजर रद्द करून मिळणेबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी (सेवक विभाग),
शहर बस सेवा, मुख्य कार्यालय.

विषय : अर्जदाराची 'उत्तम नजर' रद्द करून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी रजा मंजूर होणेबाबत.

संदर्भ : १) आगार दवाखाना, नजर नोंदवही, पान ८८.
२) आपले 'रजा नामंजूर' पत्र.
३) माझे यापूर्वीचे तीन अर्ज (आपल्या नजरेस पडले नसल्यास मी समजू शकतो).

महोदय,

१. मी खाली सही करणारा चालक, वय वर्षे त्रेपन्न, गेली सव्वीस वर्षे आपल्या सेवेत बस चालवीत आहे. मला नीट दिसत नाही. एवढे एक वाक्य कार्यालयाने मान्य करावे, यासाठी हा सगळा प्रपंच आहे.

२. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. समोरून येणाऱ्या ट्रकचे दोन दिवे मला चार दिसतात आणि प्रत्येकाभोवती खळे पडते. सकाळचे ऊन समोर आले की रस्ता पांढरा होतो. आठ महिन्यांत चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, तरी काचेवर साबण वाळल्यासारखे दिसते ते दिसतेच. थोरल्या बहिणीच्या सांगण्यावरून मी दोन महिने रोज गाजरे खाल्ली. त्यावर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाजरं खाऊन भिंग स्वच्छ झालं असतं, तर मी दवाखाना बंद करून भाजीच विकली असती." त्यांनी डोळ्याचा दाब पाहिला, थेंब घालून पडदाही पाहिला. मग म्हणाल्या, "काचबिंदू नाही, हे नशीब समजा. त्यात गेलेली नजर परत येत नाही. हा मोतीबिंदू आहे. याला गोळ्या नाहीत, औषध नाही. गढूळ भिंग काढायचं आणि नवं बसवायचं." आधी उजवा डोळा, काही आठवड्यांनी डावा. नंतर वेळच्या वेळी थेंब, डोळा चोळायचा नाही, वजन उचलायचे नाही आणि त्या सांगेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही. म्हणजे दुखणे बरे होण्यासारखे आहे. अडले आहे ते कागदावर.

३. नियमाप्रमाणे शस्त्रक्रियेची रजा मिळण्यासाठी आगार दवाखान्याच्या नजर नोंदवहीत दोषाची नोंद लागते. बाहेरच्या डॉक्टरचा कागद चालत नाही. माझ्या नावापुढे तेथे सव्वीस वर्षे 'उत्तम' असे लिहिलेले आहे. रजेचे कारकून म्हणाले, "अहो, मी रजा दिली आणि उद्या कुणी विचारलं, की चांगल्या डोळ्याचं ऑपरेशन का करू दिलं, तर मी काय सांगू?" त्यांचेही बरोबर आहे. कागदावर माझा डोळा खरोखरच दृष्ट लागण्यासारखा आहे.

४. हे 'उत्तम' कसे आले, ते सांगणे भाग आहे. दवाखान्यातील अक्षरांचा तक्ता मी रुजू झालो त्याच्याही आधीपासून त्याच खिळ्यावर आहे. आमच्या आगारात नव्या चालकाला जुने चालक पहिल्याच आठवड्यात तो चालीवर पाठ करून देतात : प, ग ल, न च ट, म र ड थ. तपासणी झटपट उरकते आणि चहा गरम मिळतो. माझ्या घरी तर ही चाल इतकी मुरली, की मुलीने शाळेत मुळाक्षरे याच क्रमाने म्हटली आणि मला बोलावणे आले. तेव्हा माझे डोळे धडधाकट होते, त्यामुळे हसण्यावारी नेले. गेली तीन वर्षे मात्र मला तक्ता सोडा, भिंतही धड दिसत नाही, तरी मी तो घडाघडा म्हणत आलो. नोकरीची भीती होती. हा माझा अपराध आहे, त्याची मला लाज वाटते आणि मी तो लेखी कबूल करीत आहे.

५. चूक सुधारावी म्हणून मी या वर्षी नापास होण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. पहिल्या खेपेस तक्त्यापुढे गप्प उभा राहिलो. तपासनीस मायेने पुटपुटले, "न च ट... पुढं म र..." आणि त्यांनी 'उत्तम'चा शिक्का मारला. दुसऱ्या खेपेस मी मुद्दाम चुकीची अक्षरे सांगितली. "चेष्टा नको हो, मागे रांग आहे," असे म्हणून त्यांनी पुन्हा तोच शिक्का मारला. तिसऱ्या खेपेस मी तक्त्याकडे पाठ करून उभा राहिलो आणि तोंडातून मात्र सवयीने चाल निघून गेली. तो दोष माझा. तपासनिसांना चाळिशी लागली आहे, पण वाचायचा चष्मा लावला की माणूस म्हातारा दिसतो असे त्यांचे मत आहे. सबब ते लिहीत नाहीत, 'उत्तम'चा शिक्का मारतात. दुसरा शिक्का दवाखान्यात नाही.

६. तक्ता बदलावा म्हणून मी भांडार विभागास अर्ज केला. उत्तर आले, की सदर तक्ता वापराअभावी नव्यासारखा असल्याने बदलण्याचे प्रयोजन नाही.

७. पुढे तर कहरच झाला. सलग सव्वीस वर्षे 'उत्तम' शेरा मिळवल्याबद्दल कार्यालयाने माझा सत्कार ठेवला. व्यासपीठावरच्या दिव्यांनी माझे डोळे दिपले आणि मी प्रमुख पाहुणे समजून माईकच्या खांबाशी हस्तांदोलन केले. टाळ्या पडल्या. लोकांना वाटले, मी विनोदी आहे. नव्या चालकांना नजर कशी जपावी यावर दोन शब्द बोलण्याचा हुकूमही मला झाला आहे.

८. आपण विचाराल, मग तीन वर्षे बस चालली कशी? माझे मेहुणे माझ्याच गाडीवर कंडक्टर आहेत. ते माझ्या पाठीशी उभे राहून "लाल, लाल... हं, सुटला" असे सांगत आले. पण त्यांचा चष्मा दुहेरी आहे, वरचा भाग लांबचे पाहण्यासाठी व खालचा वाचण्यासाठी. तिकिटे फाडता फाडता त्यांनी सिग्नल खालच्या भागातून पाहिला, की ते नुसतेच "असेल हिरवा" असे म्हणतात. अशा आम्हा दोघांच्या मिळून दीड डोळ्यांवर आपली बस रोज पन्नास माणसे नेत होती.

९. गेल्या मंगळवारी सकाळी शाळेजवळच्या वळणावर ऊन थेट समोर आले. रस्ता पांढरा झाला. मेहुणे मागच्या दाराशी सुट्ट्या पैशांवरून भांडत होते. कुणीतरी बाहेरून ओरडले, मी ब्रेकवर उभा राहिलो. खाली उतरलो तेव्हा पांढऱ्या पट्ट्यांवर एक सात-आठ वर्षांची मुलगी उभी होती. गाडी आणि ती यांच्यात माझा हात कसाबसा मावला. ती रडली नाही. दप्तर सावरत रागाने म्हणाली, "काका, दिसत नाही का तुम्हाला?"

१०. महोदय, सव्वीस वर्षांच्या तपासण्यांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी तिला खरे उत्तर दिले. "नाही गं बाळा," म्हणालो. तेच उत्तर आता आपण नोंदवहीत लिहून घ्यावे, ही हात जोडून विनंती. मग रजा द्या, शिक्षा द्या किंवा दोन्ही द्या. बस तेव्हापासून त्याच वळणावर कडेला उभी आहे. गाडी चालकाविना रस्त्यात सोडल्याची नोटीस मला पोचली असून ती मेहुण्यांनी वाचून दाखवली.

नजर परत मिळेपर्यंत आपला नम्र,

(सही ओळीच्या खाली गेली असल्यास चालवून घ्यावी)
चालक, बिल्ला क्रमांक ४१७
दिनांक : १९ फेब्रुवारी

सोबत :
१) डोळ्यांच्या डॉक्टरांचा तपासणी अहवाल.
२) सत्काराचे प्रमाणपत्र (परत).
३) बसची चावी. डॉक्टरीणबाई सांगेपर्यंत मी मागितली तरी देऊ नये.