नवी कोरी डबी

३ मार्च
उजवा डोळा लाल. बायको म्हणते, लेन्स काढा. तिच्या तव्याचा धूर डोळ्यात जातो त्याचं काय? चष्मा लावणार नाही. घरात एक ढापण्या पुरे, तो म्हणजे मेव्हणा. केमिस्टकडून ड्रॉप्स आणले. उद्या ठणठणीत.

६ मार्च
ठणठणीत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईकडे गेलो. बसायच्या आत ओरडली. लेन्स घालून झोपता का? कधीच नाही, म्हणालो. टीव्हीसमोर डोळा लागतो त्याला झोप म्हणत नाहीत. डोळ्यातून नमुना घेतला. पण आधीच ड्रॉप्स घातल्यामुळे त्यात जंतू सापडतीलच असं नाही म्हणे. म्हणून उद्या लेन्सची डबी आणून द्यायची. जंतू कुठले ते कळल्याशिवाय तिला नेमकं औषध देता येत नाही. मग शिकली काय?

७ मार्च
डबी उघडली. तळाशी शेवाळासारखं काहीतरी. धुतो नळाच्याच पाण्याने, पण आमच्या नळाला चांगलं पाणी येतं. ही डबी त्या बाईच्या हातात देणं म्हणजे आपण होऊन नाक कापून घेणं. नवी कोरी विकत घेतली, तीच नेऊन दिली. जुनी आरशामागे. डोकं लागतं.

१० मार्च
रिपोर्ट आले. नमुन्यात काही नाही, डबीत तर काहीच नाही. माझ्या स्वच्छतेचा लेखी पुरावा. बाईला ऐकवलं. तिने नुसते ड्रॉप्स बदलले. खडे मारून पाहते आहे.

१३ मार्च
डोळ्यात सुया टोचतात. बुबुळावर पांढरा ठिपका. मेव्हणा विचारत होता, भावजी, डॉक्टरांना सगळं खरं सांगितलंत ना? उजव्या डोळ्याने तो निम्माच दिसला, तेवढंच बरं.

१४ मार्च
बायकोला आरशामागचं पुसायचं आजच सुचलं. डबी पिशवीत घालून थेट दवाखान्यात. घरभेदी. तिच्याशी बोलणं बंद. ड्रॉप्स मात्र तिनेच घालायचे, मला त्या डोळ्याने बाटली दिसत नाही.

१७ मार्च
जुन्या डबीत जंतू निघाले. नेहमीच्या औषधांना दाद न देणारे. बाई म्हणाली, ही डबी पहिल्या दिवशी दिली असती तर. पुढचं बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटांनी ऐकलं. नवे ड्रॉप्स, दर तासाला. आता बघाच.

४ एप्रिल
जंतू गेले. जिंकलो. ठिपका राहिलाय, जाईल. बाईने डावा डोळा झाकायला लावला आणि तक्त्यावरचं सगळ्यात वरचं, मोठं अक्षर विचारलं. मी विचारलं, तक्ता कुठे आहे? आणि ओरडा खायच्या तयारीत बसलो. बाई ओरडली नाही. खुर्ची जवळ ओढून म्हणाली, असू दे, सावकाश. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.