ताटातला मंगळ

बाबा, तुमची नात शाळेसाठी प्राचीन ग्रीकांच्या आकाशावर प्रेझेंटेशन करतेय. पृथ्वी मध्ये आणि बाकी सगळे तिच्याभोवती. इथे परदेशात, जुरोंग ईस्टच्या या स्वयंपाकघरात तिच्या आकृत्या बघताना मला तुमचं ताट आठवलं. मी शाळेत होते, तुम्ही जहाजावरून सुट्टीवर आला होतात. मंगळ वक्री म्हणजे काय, असं मी विचारलं आणि तुम्ही पोळ्या लाटणाऱ्या आईच्या हाताशी असलेलं ताट ओढलंत. मध्ये बेसनाचा लाडू, ती पृथ्वी. ताटाच्या कडेला उपडी वाटी आणि वाटीवर एका बाजूला शेंगदाणा, तो मंगळ. वाटी कडेकडेने सरकवताना स्वतःभोवतीही फिरवली, की लाडवावरून पाहणाऱ्याला शेंगदाणा मधेच मागे जाताना दिसतो. आई ओरडली, "जेवायच्या ताटात कसले ग्रह फिरवताय!" मी हसत सुटले. म्हटलं, सूर्य मध्ये ठेवला असता तर एवढी कसरत कशाला, काय वेडे हे ग्रीक! तुम्ही एकदम गंभीर झालात. "हसायचं नाही. मंगळ कुठे दिसणार, हे त्यांना बऱ्यापैकी सांगता यायचं. आम्ही ताऱ्यांची उंची मोजून जहाज कुठे आहे ते काढतो, तेही अजून पृथ्वी मध्ये धरूनच." मग लाडू मला दिलात.

तुम्ही गेलात हे आई आता विसरली आहे. तिच्या लेखी तुम्ही जहाजावर आहात आणि कधीही याल. "ह्यांचं जहाज लागलं का गं?" पहिल्यांदा तिनं विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. बातमी आत्ताच आल्यासारखी ती रडली, आणि संध्याकाळी पुन्हा तोच प्रश्न. दुसऱ्यांदा सांगायची माझी छाती झाली नाही. म्हटलं, कोलंबोला थांबलंय. मग फोन का नाही? जहाजावरचा फोन बिघडलाय. मग बंदरावरून का नाही करत? एक थाप टिकावी म्हणून दुसरी, वाटीवर वाटी. रॅफल्स प्लेसच्या ऑफिसातून निघाले की एमआरटीची गाडी घराअलीकडच्या बुओना व्हिस्टाला पोचेपर्यंत मी त्या दिवसाचं कारण जुळवते. लेक चिडते, "ममा, जस्ट टेल आजी द ट्रूथ, लाह!" ग्रीकांमध्येही एकानं सूर्य मध्ये ठेवून बघा म्हटलं होतं, पण त्याचं फारसं कुणी ऐकलं नाही, हेही तिनंच मला ऐकवलं. मी म्हटलं, "मग तूच सांग." ती तावातावानं आजीच्या खोलीत गेली आणि आजीचे केस विंचरून परत आली.

मला काही सुचत नाही, बाबा. तुम्हाला मधून हलवलं तर आईचं सगळं कोसळतं, आणि तिथेच ठेवलं तर माझं डोकं चालेनासं होतं. रोज जेवायच्या वेळी ती म्हणते, "ह्यांचं ताट घे गं, दमून येतील." आम्ही तिघीच असतो. मी चौथं ताट मांडते आणि ती झोपली की तसंच कोरडं उचलून ठेवते. डॉक्टर म्हणतात, वाद घालू नका. तेवढं जमतं.

हे पत्र टाकणार कुठे, ते काही ठाऊक नाही. पण एक सांगून ठेवते. काल आई लवकर झोपली. ताटाचं कुणी काही म्हटलं नव्हतं. तरी मी तुमचं ताट मांडलं आणि मध्ये लाडू ठेवला.