विमानाच्या टाकीतली नळी

नंदाखाल, ता. २० फेब्रुवारी १९८६

प्रिय बंधू लॉरेन्स यास बहीण इनेझचे आशीर्वाद.

रविवार, ता. १६ फेब्रुवारी, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी तुझं ते रेडिओवर उडणारं विमान अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर कमळी कोळिणीच्या वाळत घातलेल्या बोंबलांत पडलं. वेळ मी घड्याळात पाहूनच लिहिते आहे. जन्मभर वॉर्डात मेट्रन म्हणून काढल्यावर काहीही पडलं की हात आधी नाडीकडे आणि डोळे घड्याळाकडे जातात. असो. देवाच्या दयेने मी बरी आहे, गुडघे होते तसेच आहेत. तिकडे बहारीनमध्ये तुझी प्रकृती कशी आहे? हिल्डाचं पित्त कमी झालं का? (होणार नाही. लोणच्याची बरणी तिच्या हाताच्या टप्प्यात आहे तोवर मुळीच नाही.) राखेच्या बुधवारी मी उपवासकाळात राग सोडण्याचा नेम केला होता. तो रविवारपर्यंत टिकला. याचं पापही तुझ्याच खात्यावर.

तुझे उपकार मी नाकारत नाही, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुला वाईट वाटणार नाही. गेल्या पावसाळ्यात तुझ्या भावोजींचा उजवा हात अर्धांगवायूने गेला, तेव्हापासून ते ओट्यावर खुर्ची टाकून भिंतीकडे बघत बसत. मुठीत दाबायला मी रबरी चेंडू दिला, तर ते तो खुर्चीखाली सोडून देत. इतक्या रोग्यांना दटावून उभं केलं मी, पण घरचा रोगी माझं ऐकेना. आणि नाताळच्या सुट्टीत तू ते खोकं घेऊन आलास, त्यांच्या हातात दोन दांड्यांचा तो रेडिओचा डबा दिलास आणि म्हणालास, भावोजी, उजवा अंगठा हलला नाही तर विमान पडेल. अंगठा हलला. डॉक्टरांना जमलं नाही ते तुला जमलं, याबद्दल मी रोज रोझरीत तुझं नाव घेते.

पण जायच्या आदल्या दिवशी विमानाची पेट्रोलची टाकी फोडली ती कोणी? आणि टॅक्सीत पाय ठेवता ठेवता काय सांगून गेलास? काही काळजी करू नका, एखादी प्लॅस्टिकची बाटली लावा, कुठलीही नळी चालेल. कुठलीही! वॉर्डात एखादी पोर असं बोलली असती तर मी तिला आठवडाभर बेडपॅन धुवायला लावले असते.

आम्ही बाटली लावली. खोबरेल तेलाची, धुऊन, वाळवून. तोंडाला वाइनच्या बाटलीचं बूच (तुझ्याच स्वागताची बाटली), त्यातून स्टोव्हची एक पितळी नळी इंजिनाकडे. इंजिन अंगणात सुरू झालं, शेजारच्या मार्गारेटच्या कोंबड्या माडाच्या आळ्यात जाऊन बसल्या, आणि पुढच्या क्षणी ते बंद. तुझे भावोजी कारखान्यातले जुने फिटर, त्यांनी दोन दिवस कार्बुरेटर खोलला आणि लावला. मी मात्र बाटलीकडे पाहिलं. तिचे गाल आत गेले होते. सलाइनची काचेची बाटली टांगताना हवेची सुई टोचली नाही तर थेंब थांबतो, हे पहिल्या वर्षाच्या मुलीलाही ठाऊक असतं. मी बुचात हवेसाठी दुसरी नळी बसवली. इंजिन असं चाललं की मार्गारेटने खिडकी लावून घेतली. भावोजींनी माझ्याकडे बघून म्हटलं, "दोन दिवस बघत काय बसली होतीस?" पावसाळ्यानंतर त्यांनी मला मारलेला हा पहिला टोमणा. मी स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले, हे हिल्डाला सांगू नकोस.

राहिली आतली नळी. विमान कलंडलं की पेट्रोल बाटलीत जिकडे धावेल तिकडे नळीचं तोंड धावायला हवं, म्हणून ती मऊ हवी आणि टोकाला वजन हवं. वजन कमळीने दिलं, जाळ्याचं शिसं. मऊ नळी माझ्या ट्रंकेत होती, लघवीच्या कॅथेटरची तांबडी रबरी, कोरी, उकळून ठेवलेली. (तोंड वाकडं करू नकोस, कोरी म्हटलं ना.) आणि उद्याच्या ऑपरेशनचा ट्रे आदल्या संध्याकाळीच मांडायचा, या शिस्तीने मी शनिवारीच बाटली काठोकाठ भरून ठेवली. तुझ्या 'कुठलीही' नळीने पेट्रोल पीत पीत अख्खी रात्र काढली.

रविवारी चर्चमधल्या पहिल्या मिस्सानंतर टांगा केला. पंख एका बाजूने बाहेर, भावोजींची काठी दुसऱ्या बाजूने. विमान सुरेख उडालं, ते मान्य. होड्यांवरून समुद्रावर गेलं, आणि तिथेच आवाज बंद. पेट्रोलने फुगलेली रबरी नळी बाटलीच्या आत पितळी नळीवरून निसटली होती. मी डोळे मिटून संत अंतोनीला हाक मारली. डोळे उघडले तर विमान वळत होतं. भावोजींनी त्या उजव्या अंगठ्याने ते मुकं विमान लाटांवरून किनाऱ्याकडे ओढून आणलं आणि बोंबलांच्या दोऱ्यांत उतरवलं.

कमळी पदर खोचून आली. "बाय, पेट्रोलचे बोंबील आता कोन खानार? तुज्या बहारीनच्या भावाला पाठीव." ती आणखीही बोलली असती, पण भावोजी काठी वाळूत टाकून धावत आले (धावत, लॉरेन्स), आणि त्यांनी उजव्या हाताने विमान उचललं. कमळी बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "मंग या हाताला काय झालं व्हतं?" ते बोंबील मी घरी आणले. मार्गारेटचं मांजरही त्यांना शिवलं नाही.

तेव्हा माझा निकाल ऐक. हे विमान या घरात नको. बोंबील, कोंबड्या, माझा नेम, सगळ्याची नासाडी झाली आहे. पुढच्या सुट्टीत येशील तेव्हा ते घेऊन जा.

तुझी बहीण,
इनेझ

ता. क. सुट्टीपर्यंत पडून राहण्यापेक्षा चालू स्थितीत असलेलं बरं, म्हणून पेट्रोलने न फुगणारी नळी पाठव. सायकलच्या व्हॉल्व्हची लावून पाहिली, तीही फुगली. पाच हात पाठव. टाकीही पाठव, मोठी. बाटली फार लवकर संपते.

दुसरा ता. क. थट्टा बाजूला. व्हॉल्व्हची नळी फुगली त्या संध्याकाळी तुझे भावोजी पुन्हा खुर्चीत जाऊन बसले, भिंतीकडे तोंड करून. काल चहाचा कप डाव्या हाताने घेतला. मला भीती वाटते.

तिसरा ता. क. या पत्राचं उत्तर झावळ्यांच्या रविवारच्या आत, ता. २३ मार्चपूर्वी, लेखी हवं. माझ्या नावाने नको, त्यांच्या नावाने पाठव. टाकी कुठे बसवायची, नळी किती लांब, हवेची वाट कुठून, असे दहा प्रश्न विचार आणि बजाव की सगळ्यांची उत्तरं भावोजींच्या अक्षरात आल्याशिवाय पार्सल निघणार नाही. मी लिहून देणार नाही. मला विमानातलं काही कळत नाही.