बेदाग पोरं

३ फेब्रुवारी

एकदाचा टेकलो! भिवंडीत, वडप्याच्या अलीकडे, केसरीनाथशेठच्या बंगल्यावर. काम ड्रायव्हरचं, नातवंडांना शाळेत सोडायचं, आणायचं. वापीला रंगाची कंपनी झाली, सुरतेला हिरे घासून झाले, नाशकात मिसळीची गाडी झाली; कुठे बूड टेकलंच नाही. इथे टेकेल असं वाटतंय. माडीवर खोली आहे, खिडकीखाली शेठचा लूमचा कारखाना, उघड्या दारातून आतलं सगळं दिसतं. लूम चालू असले की खिडकीची काचसुद्धा बडबडते. शेठच्या सुनेनं, मृणालीवहिनींनी, आल्याआल्या वालाचं बिरडं वाढलं. तीनदा घेतलं. एवढे वाल सोलतं कोण— असो. मोरू नावाचा लंगडा कुत्रा आहे. त्यानं माझी चप्पल पळवली.

७ फेब्रुवारी

पोरं जुळी, सात वर्षांची. कुणाल आणि ऋतिका. असली पोरं पाहिली नाहीत मी. सर्दी नाही, खरचटणं नाही, रडणं तर नाहीच. शेठ मिशीत हसत सांगत होते की डॉक्टरनं लॅबमध्ये गर्भांचा ढीग तपासला आणि त्यातले बेदाग दोन ठेवले. बाकीच्यांचं काय झालं, विचारलं. म्हणाले, शर्ट घेताना तू बघून घेतोस का न्हाय? मंग पोर का न्हाय?

१२ फेब्रुवारी

शाळेला सुट्टी, म्हणून पोरांना कारखान्यात नेलं. सिराजचाचा कापड तपासतात. तागा टेबलावरून ओढत न्यायचा, तुटका धागा दिसला की लाल खडूची फुली. मग तेवढा तुकडा कापून चिंध्यांच्या गोणीत. लूमच्या खडखडाटात कान कामाचे नाहीत, सगळे हातांनी बोलतात. 'चहा आण', 'शेठ आला' असलं शिकत बसलो आणि पोरांचं भानच राहिलं नाही. पाहिलं तर दोघं टेबलाशी, हातात खडू. चाचा म्हणत होते, क्या नजर है, मुझसे पहले पकड़ते हैं.

१९ फेब्रुवारी

वहिनींना दिवस गेलेत. या वेळी लॅबबिब काही नाही, आपसूक. पोटातल्या पाण्याची तपासणी केली तर बाळ बहिरं निघणार म्हणे. शेठ आणि नवरा म्हणतात, पाडून टाक. वहिनी ऐकत नाहीत. गाडीत मला म्हणाल्या, माझा भाऊ बहिराच, लूमवर होता. हातांनी असा विनोद सांगायचा की मुकादम लूम थांबवून हसायचा. मग 'बाळ हललं' हातांनी कसं म्हणायचं ते दाखवलं. मूठ आवळायची आणि बोटं हळूहळू उमलू द्यायची. आरशात पाहिलं. मागच्या सीटवरून पोरं आईकडे टक लावून बघत होती.

२३ फेब्रुवारी

मोरूच्या लंगड्या पायावर लाल फुली. पोरांनी लाडानं काढली असणार.

२४ फेब्रुवारी

मोरू चिंध्यांच्या गोणीत सापडला. तो पाय नाही.

शेठ म्हणतात, घुशी लई झाल्यात.

२८ फेब्रुवारी

शेठची बहीण हौसाआत्या एका डोळ्यानं तिरळी. काल त्या डोळ्याखाली फुली होती. नातवंडांचे खेळ, म्हणून हसल्या. आज भरदुपारी जिन्यावरून पडून गेल्या म्हणे. तोंडावर कापड टाकलेलं. मी उचललं नाही— जरासं उचललं. जिन्यानं असं होत नाही.

शेठना सगळं सांगितलं. दचकले नाहीत. म्हणाले, पोरांना डाग खपत न्हाय.

२ मार्च

वहिनींच्या पदरावर, बरोब्बर पोटावर, फुली. मी ओलं फडकं घेऊन घासून घासून पुसली. वाटलं, खूण गेली की सुटलो.

सिराजचाचांना सांगितलं तर त्यांनी कात्री खाली ठेवली. मिटा दिया? खूण पुसलेली सापडली म्हणजे कुणीतरी खोट लपवतंय. फिर टुकड़ा नहीं काटते, पूरा तागा बाद. पोरांना मीच शिकवलं, म्हणाले.

धावत गेलो. वहिनी पोरांना भात कालवून भरवत होत्या. आत्ताच निघू म्हटलं, वज्रेश्वरीला, तुमच्या माहेरी. म्हणाल्या, उद्याच्या एसटीनं जाऊ. पोटची आहेत रे, मला काय करतील?

३ मार्च

वहिनी कुठेच नाहीत. माझ्या दाराला बाहेरून कडी. शेठ पलीकडून म्हणतात, जेवून घे, जरा येल लागंल.

खिडकीतून खाली चाचांचं टेबल दिसतंय. वहिनी त्यावर, बांधलेल्या. कपाळापासून पावलांपर्यंत लाल फुल्या. पोरं दोन्ही बाजूंना. चाचा पाठ करून—

ओरडलो. लूम चालू आहेत. कुणाला ऐकू जाणार?

काच फोडली. गज आहेत.

वहिनींनी पाहिलं. मनगटं मोकळी. हात बोलतायत. मूठ, बोटं. बाळ हललं. पुन्हा. बाळ हललं.

कुणाल कात्री— ऋतिका वहिनींचं मनगट धरून—

आता एकाच हातानं—