माती खाल्लीस, आता गिळ

नांदूरघाट,
१४ नोव्हेंबर २०२५

चि. रामप्रसाद यास,
ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

इकडे सगळे बरे आहेत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. अक्षर वाकडं दिसेल. न्हाणीत पाय घसरला, उजवा हात गळ्यात बांधलाय, डाव्याने लिहितेय. फोन तुझ्या दाजींच्या खिशात असतो. आमच्या शाळेतल्या सुरेखाबाई रोज नेकनूरहून येतात, त्या हे पत्र टाकतील. उत्तरही त्यांच्याच पत्त्यावर पाठव.

तुझी रशियन मालिका दर रविवारी सगळी आळी आमच्या ओसरीवर बसून बघते. मराठी बोलणं माझ्या भावाने लिहिलंय म्हणून आधी मीच मिरवलं. सासूबाईंना त्या बर्फाचं लई अप्रूप; एवढ्या गारठ्यात म्हशी पान्हावतात कशा, विचारतात. पण गेल्या रविवारी त्या केसाळ कोटातल्या जमीनदाराने गड्याला चाबकाने फोडला, बुटाने त्याचं तोंड चिखलात दाबलं आणि म्हणाला, ‘माती खाल्लीस, आता गिळ!’ अरे शहाण्या, तुला दुसरं वाक्य नव्हतं? हे तुझ्या दाजींचं वाक्य. निम्म्या गावाने ते मार खाताना ऐकलंय. ओसरीवर आधी कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळेच हसले.

सोमवारी आमचा सालगडी हनुमान गोठ्यात बैलाला तेच वाक्य रशियन ऐटीत म्हणून दाखवत होता. हे मागेच उभे. कुऱ्हाडीच्या दांड्याने त्याचा जबडा फोडला. शेणात पडलेले दात त्याच्या बायकोने, मंगलने, पदरात गोळा केले. केजच्या दवाखान्यात बैलाने मारलं असं सांगितलंय. मग हे घरात आले आणि मला विचारलं, की इथलं बोलणं पुण्याला काहून जातं.

ते वाक्य पुन्हा वापरू नकोस. एवढं माझं ऐक.

आहे ती माया कमी करू नकोस.
तुझी ताई


पुणे,
२० नोव्हेंबर २०२५

ती. वनमालाताईस,
शि. सा. न. वि. वि.

न्हाणीत पडणाऱ्या माणसाला कुणी आधी प्रश्न विचारत नाही, ताई. तुझा हात विजयसिंहदाजींनी मोडला. झाकून झाकत नाही.

माझं काम असं, की पडद्यावर ओठ मिटले की आपला शब्दही संपला पाहिजे. त्या जमीनदाराला खेकसायला चार शब्द हवे होते. मी जन्मात एकाच जमीनदाराला असं मारताना पाहिलंय, तुझ्या पहिल्या पंचमीला न्यायला आलो होतो तेव्हा. वाक्य त्या रशियनाच्या ओठांवर असं चपखल बसलं, की खुशीत सगळ्यांना चहा पाजला. आता त्या चहाचीही शिसारी येते.

शेवटचा भाग सात डिसेंबरला आहे, त्याचे आवाज अजून भरायचेत. त्यात जमीनदाराची बायको खिडकीकडे तोंड करून त्याला क्षमा करते. तिची पाठच दिसते. ओठ दिसत नसले की बाईकडून काहीही बोलवता येतं. तिथे कुणाला झोंबणार नाही असं गुळमुळीत लिहितो. आणि तुला न्यायला मी येतोच आहे.

तुझ्या आशीर्वादाचा धनी,
रामप्रसाद


नांदूरघाट,
२६ नोव्हेंबर २०२५

चि. रामप्रसाद यास,
अनेक आशीर्वाद.

येऊ नकोस. हे ओसरीवर बसून परवान्याचं पिस्तूल पुसतात. मेव्हणा फाट्यावर उतरला की तिथंच आडवा करतो, असं आल्यागेल्याला सांगतात. तोंडाची वाफ दवडणारा माणूस नाही हा, तुला माहीत आहे.

रविवारी हनुमान आला होता, तोंडाला फडकं बांधून. जबड्यात तारा आहेत, पेजेवर जगतोय. मालिका सोडून तो यांच्याकडेच बघत होता. यांनी टीव्ही बंद करायला सांगितला, तर सासूबाई म्हणाल्या, बंद केला की गाव म्हणेल, भ्याला. मग काय, चालूच राहिला.

गुळमुळीत लिहू नकोस. ती पाठमोरी आहे ना? मग तिच्या तोंडी यांचंच वाक्य घाल. फक्त बायको आहे, नवऱ्याला अहो-जाहो करेल. माझं काय व्हायचं ते होऊ दे, रोज थोडं थोडं होतंच आहे. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण पाठचा भाऊ असशील तर लिही.

ताई


नेकनूर,
९ डिसेंबर २०२५

चि. रामप्रसाद यास,
उदंड आशीर्वाद. जिवंत आहे. सुरेखाबाईंच्या घरून लिहितेय.

तू लिहिलंस. ती रशियन बाई खिडकीकडे बघत अगदी शांतपणे म्हणाली, ‘माती खाल्लीत, आता गिळा.’ या खेपेला कुणी हसलं नाही. हे उठले. पहिली गोळी टीव्हीत घातली, त्याचा तुकडा मंगलच्या कपाळात घुसला; टाक्यांवर निभावलं. मग पिस्तूल माझ्याकडे वळलं. मी डोळे मिटले.

हाड मोडल्याचा आवाज आला. सासूबाईंनी कोपऱ्यातलं मुसळ उचलून यांच्या मनगटावर घातलं होतं. दुसरी गोळी जमिनीत गेली. हे कोसळले तसा हनुमान छातीवर बसला. तोंड उघडत नव्हतं, पण मुठी थांबत नव्हत्या. मग सगळी आळी तुटून पडली. लाथा, चपला, विटा, हाताला येईल ते. मी थांबवलं नाही.

थांबवलं सासूबाईंनी. माणसं बाजूला केली, वाकल्या आणि पोटच्या पोराचं रक्ताळलेलं तोंड अंगणाच्या धुळीत दाबलं. म्हणाल्या की हे वाक्य तुझं न्हाई, तुझ्या बापाचं हाय; विठ्ठलराव मला मारताना म्हणायचे अन् तू पाळण्यात ऐकत पडायचास. मग ते वाक्य त्यांनी सावकाश, एकदाच म्हटलं.

हे जगतील. बीडच्या दवाखान्यात आहेत, दाराशी पोलीस आहेत. यांचाही उजवा हात आता गळ्यात आहे. मुसळ मीच मारलं, असा जबाब सासूबाईंनी न डगमगता दिला. मला नेकनूरच्या जीपमध्ये बसवताना त्यांनी माझ्या बांधलेल्या हातावरून हात फिरवला आणि परत येऊ नको म्हणाल्या.

आता ये न्यायला. आल्यावर एक सांग. मूळ गोष्टीत त्या बाईने नवऱ्याला खरंच क्षमा केली होती का रे? माझ्याकडून नाही झाली.

वाट बघते. लोभ तर आहेच, आता प्रत्यक्ष ये.
तुझी ताई